औषध हाडापर्यंत पोहोचवायचं, पण कोणतं? हाडात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. उपचारांचा क्रम आणि निर्णय कसे झाले हे मात्र तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या या काकू. पन्नाशी ओलांडलेली, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी ऊस आणि आल्याची शेती. सात वर्षांपूर्वी उजव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, मग केमो (आधी अँथ्रासायक्लिन, नंतर पॅक्लिटॅक्सेल), रेडिएशन आणि त्यापुढे पाच वर्षं रोज लेट्रोझोलची, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारी, गोळी. गाठ ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर वाढणारी, आणि हर-टू (पेशींना वाढीचा इशारा देणारं एक प्रथिन) निगेटिव्ह होती. पाच वर्षांत एकही गोळी चुकवली नाही असं त्या अभिमानाने सांगत. पॅक्लिटॅक्सेलनंतर पायाच्या बोटांना आलेल्या मुंग्या मात्र पुरत्या गेल्या नव्हत्या. ही नोंद पुढे फार उपयोगी पडली.

गोळी बंद होऊन दीडेक वर्ष झालं आणि कंबर दुखू लागली. भांगलणीचे दिवस होते, त्यामुळे घरात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. गावाजवळच्या दवाखान्यातून पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. काही महिन्यांनी दुखणं रात्री झोपेतून उठवू लागलं, उजवा पाय टेकला की मांडीत कळ येऊ लागली, तेव्हा मुलगा त्यांना आमच्याकडे घेऊन आला. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाडात उलाढाल चालू असली की वाढणारं विकर, वाढलेलं. बोन स्कॅन आणि पेट-सीटीमध्ये कमरेचा तिसरा मणका, पाठीचा अकरावा मणका, ओटीपोटाचं हाड आणि उजव्या मांडीच्या हाडाचं वरचं टोक अशा चार ठिकाणी रोग दिसला. यकृत, फुप्फुसं स्वच्छ.

स्तनाचा कर्करोग हाडात का जातो, हा प्रश्न जुना आहे. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रोग कुठेही विखुरत नाही, काही अवयवच निवडतो, असं त्यांना दिसलं. बी सगळीकडे पडतं पण रुजतं मानवणाऱ्या जमिनीतच, अशी मांडणी त्यांनी केली. हाड ही जमीन कशी मानवते हे आता बरंच कळलं आहे. कर्करोगाच्या पेशी जे स्राव सोडतात त्यांमुळे हाड बांधणाऱ्या पेशी 'रँक-एल' नावाचं प्रथिन जास्त बनवतात. त्याने हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, चेतवल्या जातात. हाड विरघळलं की त्यात साठलेले वाढीचे घटक मोकळे होतात, आणि त्यांवर कर्करोगाची पेशी आणखी पोसते. हे चक्र तोडणं हाच हाडाच्या उपचाराचा गाभा.

अडचण

मुलगा पुण्यात एका वाहन कंपनीत अभियंता. तो दुसऱ्या भेटीला जाडजूड फाईल घेऊन आला. त्यात दोन प्रकारचे कागद होते. एक, हाडाला चिकटणाऱ्या नॅनोकणांवरचे, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवरचे, खरे शोधनिबंध. दुसरा, एका खासगी केंद्राचं चकचकीत माहितीपत्रक. 'हाडात थेट जाणारी नॅनो थेरपी', काही लाखांचं पॅकेज, त्यातली थोडी रक्कम आगाऊ. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये, एकाच पेनाने अधोरेखित केलेले. मुलाच्या मनात त्यांच्यातला फरक उरला नव्हता आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. निबंधातलंच एक चित्र त्या पत्रकावर छापलेलं होतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे ठिबकावानी मुळाशीच औषध सोडायचं, पाटानं नाही. आसंच ना, डॉक्टर?"

नॅनो औषधवाहनाची कल्पना इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितली असेल. साधी केमो रक्तातून सगळीकडे जाते, म्हणून केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी उतरतात. ती नेमकी जागेवर सोडता आली तर कुणाला नको आहे?

प्रश्न मात्र एकात एक गुंतलेले होते. हे तंत्र खरं आहे का? खरं असेल तर आज काकूंना मिळू शकतं का? आणि मिळालं तरी आज त्यांची गरज तीच आहे का? मुलगा पहिल्या प्रश्नाचं 'हो' तिसऱ्यापर्यंत ओढत होता. तिकडे मांडीचं हाड कोणत्याही पावलाला मोडेल अशा अवस्थेत होतं.

समोर असलेले पर्याय

*हाडावर नेम धरणारे नॅनोकण.* शोधनिबंधांतली कल्पना अशी. हाडातल्या खनिजात, हायड्रॉक्सीअपटाइटमध्ये, कॅल्शियम असतं आणि बिसफॉस्फोनेट गटातली औषधं कॅल्शियमला घट्ट धरतात. ठिसूळ हाडांसाठी दिली जाणारी अॅलेंड्रोनेट ही त्यातलीच. पीएलजीएसारख्या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचा कण करायचा, त्यात कर्करोगाचं औषध भरायचं आणि बाहेरून अॅलेंड्रोनेटचे रेणू जोडायचे. २०१४ साली बोस्टनच्या संशोधकांनी अशा कणांत बोर्टेझोमिब हे कर्करोगाचं औषध भरून मल्टिपल मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) उंदरांवर प्रयोग केला. कण आधीच दिलेल्या उंदरांत रोग कमी वाढला. काम सुंदर आहे. पण ते उंदरांवरचं आहे, मायलोमावरचं आहे, आणि त्यातला मुख्य परिणाम रोग बळावण्याआधी औषध देऊन मिळालेला आहे. काकूंच्या हाडात रोग आधीच घर करून होता.

मुलाला पटलं ते काकूंचाच बोन स्कॅन समोर धरल्यावर. त्या तपासणीत टोचलेलं किरणोत्सारी टेक्नेशियम ज्या रेणूवर स्वार असतं तोही अॅलेंड्रोनेटचाच भाऊबंद. म्हणजे हाडाला चिकटणारं वाहन त्यांच्या शरीरात आधीच जाऊन आलं होतं आणि कुठे गेलं याचं छायाचित्र आमच्या हातात होतं. रोगाच्या चारही जागा त्यात उजळलेल्या होत्या. पण झिजलेले दोन्ही गुडघेही उजळले होते आणि बाकीचा सांगाडाही फिका का होईना दिसत होताच. अॅलेंड्रोनेट लावलेला कण कर्करोग ओळखत नाही, उलाढाल चालू असलेलं हाड ओळखतो. त्याच्यात जहाल औषध भरलं तर गुडघ्यालाही ते मिळणार, आणि शेजारच्या अस्थिमज्जेला, जिथे रक्त तयार होतं, तिथेही. आत्ताचं संशोधन याच अडचणीशी झुंजतं आहे. ऑस्टिओक्लास्ट हाड खाताना खाली आम्ल सोडतो, तर त्या आम्लातच कण फुटेल अशी जोडणी करता येईल का, असा एक प्रयत्न चालू आहे.

त्याआधी आणखी एक अडथळा आहे. शिरेत सोडलेले बहुतेक कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. टोरांटोच्या एका गटाने २०१६ साली मागच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं, म्हणजे निम्म्या अभ्यासांत त्याहूनही कमी. हा आकडा मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. नॅनो औषधं फोल आहेत असं त्यातून निघत नाही. 'थेट' या शब्दाचा भाव किती धरायचा, हे त्यातून कळतं.

माणसांपर्यंत पोहोचलेलं एक उदाहरणही मुलाच्या फाईलमध्ये होतं, बाइंड-०१४. डोसीटॅक्सेल हे केमोचं औषध भरलेला कण, बाहेरून प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी ओळखणारा रेणू. प्रोस्टेटचा कर्करोगही हाडातच जास्त जातो. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत असे ४२ रुग्ण होते आणि काहींचा पीएसए, म्हणजे या रोगाचा रक्तातला निर्देशक, उतरलाही. पण कंपनीने २०१६ साली दिवाळखोरी जाहीर केली, तिची मालमत्ता फायझरने घेतली आणि ते औषध बाजारात आलं नाही. हाडावर नेम धरणारा एकही नॅनोकण आज हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यताप्राप्त नाही.

*मान्यता असलेली नॅनो औषधं.* ही मात्र आपल्याकडे रोज वापरली जातात. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला (स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं केमोचं औषध) अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली, अल्ब्युमिनला बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेलला, म्हणजे नॅब-पॅक्लिटॅक्सेलला, २००५ साली. मुलाचा पुढचा प्रश्न साहजिक होता. हाडावरचा कण नाही मिळत तर हे द्या.

साधं पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या द्रावकातून द्यावं लागतं. अॅलर्जीचा बराचसा त्रास त्या द्रावकाचा. नॅब-पॅक्लिटॅक्सेलमध्ये द्रावक नाही, सुमारे १३० नॅनोमीटरचे अल्ब्युमिनचे कण असतात. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत ३३ टक्के रुग्णांत गाठी आक्रसल्या, साध्या पॅक्लिटॅक्सेलने १९ टक्क्यांत. पण हातापायांच्या नसांचा तीव्र त्रास १० टक्क्यांना झाला, साध्या औषधाने २ टक्क्यांना. पायाला आधीच मुंग्या असलेल्या बाईसाठी आकड्यांची ही दुसरी जोडी पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची. शिवाय हे कण रक्तात गेल्यावर लवकरच सुटे होतात. हाडापर्यंत औषध वाहून नेणं हे त्यांचं कामच नाही.

*केमोच नको.* माझ्या दृष्टीने या प्रकरणाचं वळण इथे आहे. नॅनोची सगळी चर्चा एक गोष्ट गृहीत धरून चालली होती, की केमो द्यायची आहे आणि फक्त वाहन ठरवायचं आहे. रोग फक्त हाडात, ईआर पॉझिटिव्ह, आधीची गोळी संपून वर्षाहून जास्त काळ लोटलेला, यकृत-फुप्फुसांना धोका नाही. अशा रुग्णाला पहिला उपचार केमो नसतोच. लेट्रोझोल आणि सोबत पॅल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिबसारखी, कर्करोगाच्या पेशींचं विभाजन रोखणारी गोळी, हा तो उपचार. लेट्रोझोलच्या जोडीला पॅल्बोसिक्लिब दिल्यावर रोग वाढण्याआधीचा मध्यक काळ १४.५ महिन्यांवरून २४.८ महिन्यांवर गेल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं होतं. पोटात घ्यायच्या गोळ्या, नॅनो काहीही नाही.

*हाड सावरणारे उपचार.* हाडाला चिकटणारं, हाड खाणाऱ्या पेशीला थांबवणारं औषध आपल्याकडे कधीचंच आहे, झोलेड्रोनिक अॅसिड. दुसरं डेनोसुमॅब, ते रँक-एललाच अडवतं. त्याशिवाय रेडिएशन आणि शस्त्रक्रिया. हाडात जाणारं किरणोत्सारी रेडियम-२२३ही मुलाने विचारलं. त्याला २०१३ साली मान्यता मिळाली ती प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी.

निर्णय कसे झाले

ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या, बैठकीत पहिला विषय मांडीचं हाड. हाड मोडण्याचा धोका मोजणारं मिरेल्स गुणांकन १९८९ पासून वापरात आहे. जागा, वेदना, हाड खाल्लं गेलंय की घट्ट झालंय, आणि डागाचा आकार, या चारांना प्रत्येकी १ ते ३ गुण. काकूंचे १२ पैकी १० भरले. ९ किंवा त्याहून जास्त असतील तर हाड मोडण्याची वाट न पाहता आधीच सळई घालावी, असा संकेत आहे. इथे दुमत झालं नाही.

दुसरा निर्णय तपासणीच्या तुकड्याचा. रोग परत येतो तेव्हा त्याचे ग्राही (ईआर, हर-टू यांसारखी पेशींवरची प्रथिनं) बदललेले असू शकतात, त्यामुळे सात वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर गोळी सुरू करणं धोक्याचं. पण हाडाचा तुकडा मऊ करायला प्रयोगशाळेत तीव्र आम्ल वापरलं तर ईआरची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून शल्यचिकित्सकांना आधीच सांगून ठेवलं की सळई घालताना मिळणारा मऊ भाग वेगळ्या बाटलीत पाठवा, आणि पॅथॉलॉजीला सांगितलं की हाडाचा भाग मऊ करायचाच तर ईडीटीए या सौम्य द्रावणात करा. दोन फोनचं काम. पुढचा सगळा उपचार या रिपोर्टवर उभा राहणार होता.

तिसरा, झोलेड्रोनिक अॅसिड की डेनोसुमॅब. स्तनाच्या कर्करोगात हाडाच्या गुंतागुंती लांबवण्यात डेनोसुमॅब थोडं सरस ठरलं आहे, पण ते महाग आणि मधेच बंद केलं तर हाडाची झीज उसळते. दर महिन्याला गावाहून येणं किती जमेल याची कुटुंबाला खात्री नव्हती. झोलेड्रोनिक अॅसिड ठरलं. मूत्रपिंडाची तपासणी ठीक होती.

आणि मग दात. आमच्या भागातल्या कित्येक बायकांप्रमाणे काकूही वर्षानुवर्षं मिश्री लावत. हिरड्या खराब, दोन दात हलणारे. या दोन्ही औषधांनी जबड्याचं हाड उघडं पडून कुजण्याचा धोका असतो, आणि औषध सुरू झाल्यावर दात काढला तर तो वाढतो. डेनोसुमॅबने हा प्रश्न टळत नाही. दात आधी काढायचे, जखम भरू द्यायची आणि मगच इंजेक्शन, असं ठरलं.

नॅनो केंद्राच्या पत्रकाबद्दल आम्ही मुलाला 'जाऊ नका' असं म्हटलं नाही. चार प्रश्न लिहून दिले. कणात नेमकं कोणतं औषध आहे? सीटीआरआय, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी क्रमांक काय? एथिक्स कमिटी कोणती? आणि हा प्रयोग असेल तर औषधाचे पैसे रुग्णाकडून का? भारतात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची ही नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदवही कुणालाही पाहता येते. नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वंही २०१९ साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने काढली आहेत. केंद्राकडून उत्तरादाखल बरे झालेल्या लोकांचे व्हिडिओ आले. चारांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मुलाने तो विषय तिथेच थांबवला.

काय केलं, काय झालं

सळई घातली गेली, काकू वॉकरवर उभ्या राहिल्या. मऊ तुकड्यात कर्करोग निश्चित झाला, ईआर ठळक पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. जखम भरल्यावर मांडीला दहा बैठकांत रेडिएशन, कमरेच्या मणक्याला एकाच बैठकीत ८ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक). वेदनेसाठी एक बैठक दहांच्या तोडीची असते हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पुन्हा द्यायची वेळ थोडी जास्त येते, पण गावाहून येणाऱ्याच्या फेऱ्या वाचतात. रेडिएशननंतर दोन-तीन दिवस दुखणं वाढेल हे आधी सांगितलं होतं. वाढलं, तेव्हा घरात घबराट झाली नाही. सुरुवातीचे काही आठवडे मॉर्फिनच्या गोळ्या लागल्या. मॉर्फिन म्हटल्यावर मुलगी रडली, "शेवटचं औषध" म्हणून. दुखणं कमी झालं की हे बंद होतं, हे तिला समजावून सांगावं लागलं. आणि ते झालंच.

लेट्रोझोल आणि पॅल्बोसिक्लिब सुरू झालं. भारतात २०२३ साली पॅल्बोसिक्लिबचं पेटंट संपल्यावर जेनेरिक गोळ्या आल्या, म्हणून हे परवडलं. रायबोसिक्लिबने आयुष्यमान वाढल्याचा पुरावा अधिक भक्कम आहे, हे कुटुंबाला सांगितलं होतं. खर्च आणि ईसीजीसाठी वारंवार यावं लागणं पाहून त्यांनी पॅल्बोसिक्लिब निवडलं. पांढऱ्या पेशी उतरल्यावर मात्रा १२५ वरून १०० मिलिग्रॅमवर आणली. ड जीवनसत्त्व भरून काढलं, हिरड्या भरल्या आणि झोलेड्रोनिक अॅसिड ४ मिलिग्रॅम सुरू झालं.

तिसऱ्या महिन्यात एक अवघड दिवस आला. काकू काठी घेऊन चालत होत्या, दुखणं कमी, फॉस्फटेज उतरलेलं. आणि बोन स्कॅनमध्ये जुने डाग अधिक उजळ, शिवाय बरगडीत एक नवा. रिपोर्टवर 'रोग वाढला' असं लिहिलेलं. मुलगा पुन्हा केमोचं, नॅब-पॅक्लिटॅक्सेलचं विचारू लागला. पण हाड भरून येताना बांधणाऱ्या पेशी जोमात असतात आणि स्कॅनचं औषध तिथेही चिकटतं. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा बिघाडासारखी दिसू शकते. सीटी केला. डागांच्या कडा पांढऱ्या, घट्ट होत चालल्या होत्या, बरगडीतही तेच. उपचार बदलला नाही. पुढच्या तपासणीत तो निर्णय बरोबर ठरला.

वर्ष उलटलं तेव्हा रोग स्थिर होता, काकू काठीशिवाय चालत होत्या. झोलेड्रोनिक अॅसिड दर महिन्याऐवजी बारा आठवड्यांनी देण्यावर आणलं. १,८२२ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत २०१७ साली हे अंतर कमी पडत नाही असं दिसलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा वेळ सुरुवातीलाच गेला. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईची कंबर रात्री दुखते, तेव्हा पट्ट्याआधी एक्स-रे आणि फॉस्फटेज व्हायला हवं होतं. पाच वर्षांची गोळी संपली की रुग्णाला 'सुटले' असं वाटतं. ईआर पॉझिटिव्ह रोग दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो, हे गोळी बंद करण्याच्या दिवशी एका कागदावर लिहून द्यायला हवं, आणि तो कागद गावच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवा.

दाताची तपासणी पेट-सीटीच्या चिठ्ठीबरोबरच लिहिली असती तर झोलेड्रोनिक अॅसिड काही आठवडे आधी सुरू झालं असतं. हाडात रोग असल्याचा नुसता संशय असला तरी आता ती चिठ्ठी त्याच दिवशी जाते. मिश्रीबद्दल नाव घेऊन विचारावं लागतं. "तंबाखू खाता का?" याचं उत्तर बायका मनापासून 'नाही' असं देतात.

मुलाने केंद्राला आगाऊ रक्कम आधीच भरली होती, हे बऱ्याच उशिरा कळलं. ती परत मिळाली नाही. असं काही हातात घेऊन कुटुंब येतं तेव्हा पैसे दिलेत का, हे पहिल्याच भेटीत, न रागावता विचारायला हवं. पैसे अडकले की माणूस त्या उपचाराची बाजू लढवतो. मुलाचा आग्रह आम्हाला समजत नव्हता त्याचं अर्धं कारण हे होतं.

बोन स्कॅनच्या चिठ्ठीवर उपचाराची तारीख लिहिलेली नव्हती. ती असती तर रिपोर्ट लिहिणाऱ्यांनीही सुधारणेची शक्यता नोंदवली असती.

पुढचा टप्पा फाईलमध्ये लिहून ठेवला आहे. रोग वाढला तर आधी ईएसआर-१ आणि पिक-थ्री-सीए या जनुकांची तपासणी, त्यानुसार संप्रेरकावरचाच दुसरा उपचार. यकृतात झपाट्याने गेला तर केमो, पण मुंग्यांमुळे आधी कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी. टॅक्सेन, म्हणजे पॅक्लिटॅक्सेलच्या गटातलं औषध, द्यायचीच वेळ आली तर साधं की नॅब, हे तेव्हाच्या नसांच्या तपासणीवर ठरेल. हाडावर नेम धरणाऱ्या कणांची माणसांवरची चाचणी भारतात सुरू झाली का, हे दर सहा महिन्यांनी सीटीआरआयवर पाहायचं काम मुलाने घेतलं आहे. नोंदणी क्रमांक सापडला की तो आधी आमच्याकडे आणायचा, पैसे कुठेही भरायचे नाहीत, असं ठरलं आहे.